वरचे हजार फेरे

"मोटार जळाली की वास येतो, तुझ्या ह्या आवाजात काय जळालंय ते मला दाखव," असं कोंडीराम एकदा म्हणाला होता. समोर त्याचा मुलगा बुद्धरत्न बसला होता, मांडीवर गिटार. हे भोसरीच्या दुकानात, भर दुपारी. बुद्धरत्नने काहीच दाखवलं नाही. दाखवण्यासारखं काही नव्हतंच, सगळा वांधा तिथे होता.

गवळीमाथ्याच्या बाजूला, प्रेस शॉपच्या ओळीत, कोंडीरामचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दोन्ही अंगांना प्रेस. पत्रा कापला जातो तेव्हा दुकानाची फरशी पायाखाली हलते, आणि ती दिवसभर हलत असते. धाराशिवकडून तो इथे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आता एकसष्टचा आहे. मधली सगळी वर्षं त्याने तांब्याची तार गुंडाळण्यात घालवली. पंखे, मिक्सर, पाणबुडी पंप, कंपन्यांच्या थ्री-फेज मोटारी. जळालेली मोटार उघडायची, जुनं तांबं छिन्नीने कापून काढायचं, किती फेरे होते ते मोजायचं आणि तेवढेच नवे भरायचे. काम एवढंच. पण त्यातही कोंडीरामची म्हणून एक पद्धत होती. खाचेत जागा उरली असेल तर तो थोडे फेरे वरून देई. शंभराला पाच, कधी सात. फेरा फेऱ्याला चिकटलेला, थरावर थर, जसं काही कापड विणलंय. मग सगळं वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायचं.

"तार हलली की घासती, घासली की जळती," तो गिऱ्हाइकाला सांगे. "माझ्या मोटारीत हलायला जागाच न्हाई."

त्याच्या हातची मोटार परत येत नाही, असं आजूबाजूचे वर्कशॉपवाले म्हणत. कोंडीराम ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण त्या दिवशी चहा दोनदा मागवी.

बुद्धरत्न चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. शिफ्ट सुटली की गिटार, सुट्टी आली की गिटार. थेरगावच्या एका गायन पार्टीत तो वाजवतो. बापाला गिटारचा राग नव्हता, पण आदरही नव्हता. "टुणटुण झाली का?" एवढीच त्याची चौकशी. पोरगा आयटीआय करून दुकानात बसेल असं त्याला वाटलं होतं; पोरगा बसला नाही. त्यावर दोघांत कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

ह्या वर्षी जयंतीसाठी पार्टीने नवं गाणं बसवलं. गाणारी नेहा. रेकॉर्डिंग डांगे चौकाजवळ, एका केकच्या दुकानावरच्या खोलीत, ज्ञानेश नावाच्या रेकॉर्डिस्टकडे. गिटारचं सुरुवातीचं वाजवणं आणि पहिलं कडवं होऊन गेलं. दुसरं कडवं पुढच्या रविवारी. मधल्या दिवसांत बुद्धरत्न तारा बदलायला बसला, स्क्रू ड्रायव्हर निसटला आणि तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या पिकअपची कॉइल तुटली. गिटार मुकी झाली.

जुनी गिटार होती, कुणाकुणाच्या हातून आलेली. तसा पिकअप बाजारात मिळत नव्हता. दुसऱ्या जातीचा बसवला तर दुसऱ्या कडव्यात गिटार वेगळीच वाजणार, म्हणजे गाणं मधोमध जोड दिल्यासारखं ऐकू येणार. दोन दिवस तो ह्याला-त्याला फोन करत राहिला. तिसऱ्या दिवशी तो बापाच्या दुकानात आला आणि बोटभर लांबीची ती वस्तू त्याने फळीवर ठेवली.

कोंडीरामने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे काय?"

"लोहचुंबक आहे, बाबा. भोवती तार. वरची गिटारची तार थरथरली की हिच्यात करंट तयार होतो. तो करंट म्हणजे आवाज."

कोंडीराम बराच वेळ ती उलटीपालटी करून बघत राहिला. "म्हंजे मोटारच की," तो म्हणाला. "उलटी. आपण वीज देतो न् फिरवतो. हितं हलवायचं न् वीज घ्यायची."

"तसंच."

"मग सांगायचं न्हाईस का इतकी वर्षं?"

बुद्धरत्न हसला. आणि कोंडीरामच्या आत कुठेतरी, तो कधी बोलला नाही, पण एक दार उघडलं असावं. पोराच्या त्या टुणटुणीला पहिल्यांदा त्याच्या हातांची गरज पडली होती.

त्याने दोन दिवस मोटारींना हात लावला नाही. शेहेचाळीस गेजची तार आणवली, केसाहून बारीक, श्वास जोरात सोडला तर तुटेल अशी. जुनी कॉइल उलगडत उलगडत मोजली: साडेसात हजार फेरे. ते कसेही, आडवेतिडवे गुंडाळलेले, मध्ये पोकळ्या. कुणीतरी हाताने घाईत गुंडाळलंय, असं त्याला वाटलं. त्या अनोळखी कारागिराची त्याला कीवच आली. त्याने बोटांच्या चिमटीत तार धरून फेरा फेऱ्याला लावला, एकही चढू दिला नाही. साडेसात हजार झाल्यावर बघितलं तर जागा शिल्लक होती. मग आणखी हजार दिले. वार्निश दिलं. साच्याचं प्लास्टिक वितळू नये म्हणून कॉइल भट्टीऐवजी उन्हात वाळवली. मीटर लावून बघितलं, काटा बरोबर सरकला. फडक्यात गुंडाळून त्याने ती पोराच्या हातात दिली.

बुद्धरत्नने तिथेच बसवली, छोट्या ॲम्प्लिफायरला जोडली, आणि वाजवलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, हात सैल करून. मग थांबला.

"काय झालं?"

"आवाज गेलाय, बाबा."

"वाजतंय की. पहिल्यापेक्षा मोठं वाजतंय."

"मोठं आहे, पण जड झालंय. वरची किनार गेली. पहिल्यांदा कसं, काच फुटल्यासारखं यायचं. आता चादरीखालून येतंय."

तेव्हा कोंडीराम ते वाक्य म्हणाला, जळालंय ते दाखव म्हणून. बुद्धरत्नने समजावून बघितलं. फेरे वाढले की आवाज दणकट होतो पण बारीक, तीक्ष्ण भाग मरतो. ते अगदी चिकटून बसले तरी तसंच. त्या जुन्या कॉइलमधल्या पोकळ्या चूक नव्हत्या, त्यामुळेच ती तशी बोलायची.

"म्हंजे नीट काम करायचंच न्हाई," कोंडीराम म्हणाला.

"तसं नाही हो."

"मग कसं? गबाळं गुंडाळायचं? कमी भरायचं?"

"वरचे हजार काढता येतील का?"

कोंडीरामने मान हलवली. वार्निशने सगळी कॉइल दगड झाली होती. एक फेरासुद्धा सुटणार नव्हता. ह्याच गोष्टीचा त्याला आजवर अभिमान वाटत आला होता, आणि त्याच तोंडाने "न्हाई निघायचं" म्हणताना त्याला स्वतःचाच राग आला. मग पोराचा. मग, कारण नसताना, शेजारच्या प्रेसचा.

"क्वालिटीला हायस ना तू? मीटर लाव. मीटर खोटं बोलत न्हाई."

"मीटरवर ओके आहे, बाबा," बुद्धरत्न थकून म्हणाला. "कानावर रिजेक्ट आहे."

रविवारी कोंडीराम न बोलावता स्टुडिओत गेला. इस्त्रीचा शर्ट घालून. आपलं काम बघायला तो कंपन्यांतही असाच जाई, मोटार बसवताना समोर उभा राही. ज्ञानेशने खुर्ची दिली. नेहा म्हणाली, "काका, तुमच्यामुळे गाणं पूर्ण होतंय." बुद्धरत्न गिटारचं बटण फिरवत राहिला.

दुसरं कडवं वाजवून झालं. ज्ञानेशने पहिलं आणि दुसरं एकामागे एक लावलं, आणि कपाळ चोळलं.

"भावा, गिटार बदलल्यासारखी वाटते रे."

"ट्रेबल वाढव."

ज्ञानेशने वाढवला. आवाज उजळला नाही, खालची गुणगुण तेवढी वर आली, ट्रान्सफॉर्मरसारखी. त्याने परत कमी केलं. "जे आलंच नाही ते वाढवू कुठून? एक कर, माझी गिटार घे. हंबकर आहे, दोन कॉइलवाला, गुणगुण येत नाही. पहिल्यापासून सगळं परत वाजव."

"मग दोन्ही कडवी जाड होतील. नेहाचा आवाज खाली आहे, तिच्यावर बसेल गिटार."

"मग काय करू सांग राव."

"एक मिनिट," कोंडीराम म्हणाला. सगळे वळले. "मला ऐकवा. दोन्ही."

ज्ञानेशने हेडफोन दिले. कोंडीरामने पहिलं कडवं ऐकलं, दुसरं ऐकलं. मग परत. त्याचे डोळे बारीक झाले, मोटारीचं बेअरिंग तपासताना होत तसे. त्याला दोन्ही सारखीच वाटली. दुसरं जरा भरलेलं, इतकंच.

"एकच हाय की. कुठं फरक हाय?"

ज्ञानेश भला माणूस. त्याला वाटलं, काकांना समजावून सांगावं. "काका, दुसऱ्यात वरचा भाग नाही. नुसता तेवढाच भाग ऐकवतो, मग कळेल." त्याने हेडफोनची वायर काढून आवाज स्पीकरवर घेतला आणि बारीक, शिट्टीसारखा एक सूर लावला. नेहाने कपाळाला आठी घालून कानावर हात ठेवला.

कोंडीराम वाट बघत बसला. हात गुडघ्यांवर, मान जरा पुढे.

"लाव की," तो म्हणाला.

ज्ञानेशचं बोट माउसवर होतं, स्क्रीनवर रेघ पुढे सरकत होती. कोंडीरामने नेहाकडे बघितलं. तिचा हात अजून कानावर होता. त्याची नजर जाताच तिने तो घाईने खाली घेतला. ज्ञानेशने सूर बंद केला. म्हणजे काहीतरी बंद झालं, एवढं कोंडीरामला त्या तिघांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"लावला होता का?"

"हो काका," ज्ञानेश पुटपुटला. "होतं असं. प्रेसच्या शेजारी राहिलं की होतं. माझ्या मामांचंपण..."

कोंडीरामने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्याने पोराकडे बघितलं. आयुष्यभर त्याने मोटारी तपासल्या, आणि चुकीची असेल तर गिऱ्हाइकासमोर चूक म्हटली. आता त्याला तेच हवं होतं. बुद्धरत्नने दुकानात म्हटलं होतं तसं परत म्हणावं, सरळ, रिजेक्ट म्हणून. मग भांडता आलं असतं. मग तो म्हणाला असता, आण नवा साचा, परत गुंडाळतो, तू सांगशील तसा गबाळा.

बुद्धरत्नने गिटार स्टँडला लावली. बापाकडे न बघता, मॉनिटरकडे तोंड करून तो म्हणाला, "चालेल ज्ञानेश. हेच ठेवू. तसा काही फार फरक नाहीये. चांगली झालीये कॉइल."

"अरे पण आत्ता तर तू..."

"ठेव म्हटलं ना. जयंतीत मंडपात वाजणार, स्पीकर फाटेस्तोवर. कुणाला कळणारे?"

नेहा खाली बघू लागली. ज्ञानेशने फाइल सेव्ह केली.

कोंडीराम उठला. खुर्ची मागे सरकली, ती त्याने सरळ करून ठेवली. दाराशी चपला होत्या. त्या घातल्या, दार उघडलं, आणि जिना उतरून गेला.