खिळे ठोकलेल्या पेट्या

पालीच्या आमच्या बागेत आंब्याची पेटी भरून खिळे ठोकले की बाबा ती पुन्हा उघडायचे. गवत सारून एकेक फळ चाचपायचे, मग परत खिळे. कधी दोनदा, कधी चारदा. हातखंब्याच्या नाक्यावर ट्रक खोळंबायचा, गडी वैतागायचे. मी मात्र गावभर मिरवायचो, आमच्या पेटीत डागी आंबा सापडणार नाही! गुडघे गेले तेव्हा त्यांनी बाग माझ्यावर सोपवली. माझी मुलगी त्यानंतर जन्मली.

ती दहावीत गेली तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. सहामाहीला गणिताच्या पेपरात तिने एकच उदाहरण सोडवलं आणि वेळ संपेपर्यंत तेच खोडत, पुन्हा लिहीत बसली. मी तोंडाला येईल ते बोललो. नाटकं बंद कर, असंही म्हणालो. त्याची लाज अजून वाटते.

शेवटी बायकोने रत्नागिरीतल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. आजोबा बरोबर असतील तरच येईन, असं मुलीने बजावलं. बाईंनी तिला तपासून सांगितलं, "हा ओसीडी. आपण मंत्रचळ म्हणतो तो." औषधाची चिठ्ठी लिहिली. मुलीने हात लावला नाही.

"मी वेडी नाहीये. गोळ्या घेणार नाही."

"घरात आणखी कोणाला आहे का असं?" बाईंनी मला विचारलं.

"छे! आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"मला आहे हो," बाबा म्हणाले. "फळ चांगलं आहे हे कळायचं मला. पण पेटी उघडली नाही तर घरातलं कोणीतरी जाईल, असं मनात यायचं."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "खोडलं नाही तर आई मरेल, असं वाटतं मला," ती हळूच म्हणाली.

बाई समजावत होत्या, ही प्रवृत्ती रक्तातून येऊ शकते, सगळ्यांत उतरतेच असं नाही, यात दोष कोणाचाच नसतो. नाक येतं, रंग येतो, हे मला ठाऊक होतं. पण भीती? कोणी कोणाला न सांगता, मला मधून वगळून, आजोबांकडून नातीकडे? मी थक्क झालो.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "पंचाहत्तरीत औषध लागू पडतं का हो? पडत असेल तर मलापण लिहा. आम्ही दोघं मिळून घेऊ."

मुलीने आपली चिठ्ठी उचलली आणि त्यांची लिहून होईपर्यंत थांबली.