आईच्या कॅसेटवरची मॅच

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासण्यात उभं आयुष्य गेलं आणि दादा निवृत्त झाले. दादा म्हणायचा तो धाकटा भाऊ. पुढे बायको सोडून अख्खी गल्लीच म्हणू लागली. घरी बसून चार दिवस झाले नाहीत तोच बायकोने त्यांना कपाटासमोर उभं केलं.

"अहो, या कॅसेटी तरी काढा, नाहीतर मला तरी काढा."

कपाट व्हिडिओ कॅसेटींनी गच्च भरलेलं होतं. टीव्हीवर बरं दिसेल ते दादांनी वर्षानुवर्षं टेप करून ठेवलं होतं. नाटकं, मुलाखती, माकडांवरचे आणि देवमाशांवरचे माहितीपट. फेकायला जीव होईना. मग त्यांनी कुठून तरी एक जुना डिस्क रेकॉर्डर पैदा केला, तो व्हीसीआरला जोडला आणि पुढच्या खोलीत पसारा मांडला. या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट डिस्कवर उतरायला तीन तासच घेते. बुरशी लागलेली असली तर मशीनचं टेप वाचणारं हेड घाण होतं, ते पुसून पुन्हा पहिल्यापासून. काचा घासलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही.

एके दुपारी हातात आली ती 'आई – टीव्हीवर' अशी चिठ्ठी डकवलेली कॅसेट.

आई तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. एका कार्यक्रमात कामकरी बायकांना बोलावून गप्पा मारायचे, त्यात तिचा नंबर लागला. कार्यक्रम भरदुपारी, घरात कोणीच नसणार, म्हणून दादांनी व्हीसीआरला वेळ लावून ठेवली होती. रविवारी मामा, मावशी, शेजारीपाजारी जमले, कॅसेट लावली, तर पडद्यावर फुटबॉल! सगळ्यांनी वळून बारक्याकडे पाहिलं. धाकटा भाऊ फुटबॉलवेडा, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"आईशप्पथ, मी नाही पुसलं," बारक्या म्हणाला. कोण ऐकतंय? वडिलांनी कान पिळला आणि विषय संपला, शिक्का मात्र राहिला. बारक्या बस चालवू लागला, त्याला पोरं झाली, टक्कल पडलं; तरी घरात कात्री सापडेना झाली की कोणीतरी म्हणायचंच, "बारक्याला विचारा, तिच्यावरही मॅच घेतली असेल."

ती कॅसेट त्या रविवारनंतर कोणी लावलीच नव्हती. दादांनी लावली आणि पेपर वाचत बसले. उत्तरार्धात कोणीतरी गोलवर फटका मारला आणि चित्र थरथरलं. चेंडू गेला, मैदान गेलं, आणि आई आली. केस चापूनचोपून बसवलेले, हात मांडीवर घट्ट.

"मुलं किती तुम्हाला?" निवेदकाने विचारलं.

"एक," आई म्हणाली. "मुलगा. चष्म्याच्या दुकानात असतो."

निवेदक पुढच्या बाईकडे वळला.

दादांनी मशीन थांबवलं. आता म्हातारी झालेली आई त्यांच्याकडेच असायची; ती आतल्या खोलीत मोज्याला टाके घालत होती. दादा दारात उभे राहिले.

"आई, ती कॅसेट तू पुसलीस?"

आईने सुई खाली ठेवली. "राहिलं का त्यात काही?"

"शेवटचं राहिलंय."

"मला वाटलं सगळं गेलं. डोळ्यांवर ते दिवे, तो भराभर विचारत होता. एक म्हणून गेले. दोन म्हणायच्या आत तो पुढे गेलासुद्धा. घरी येऊन एकटीने पाहिलं. बारक्याने ऐकलं असतं तर? मग बटण दाबलं. टीव्हीवर काय चाललंय ते बघितलंच नाही."

"आणि बोलणी त्याने खाल्ली."

"पुसलं म्हटलं असतं तर का पुसलं ते विचारलं असतंत."

दादांनी बारक्याला फोन करून बोलावून घेतलं.

बारक्या ड्यूटीवरून तसाच आला. आईनेच सगळं सांगितलं, त्याच्याकडे न बघता. त्याने ते दाखवायला लावलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"एकच मुलगा," बारक्या शेवटी म्हणाला. "म्हणजे मी नव्हतोच. मग मॅच घेतली कोणी? दादाने!"

दादांची बायको आधी हसली. आई हसली नाही. ती म्हणाली, "कोणी तुला बोललं की मी उठून आत जायचे रे."

"मग एकदा तरी सांगायचंस ना, आई."

"हो. सांगायला हवं होतं."

बारक्याने मान हलवली आणि चहा मागितला. जाताना त्याने त्या तुकड्याची डिस्क मागून नेली. ती त्याने घरी लावल्याचं त्याच्या बायकोला तरी माहीत नाही. पुढच्या रविवारी आईला मात्र त्याने आपल्या घरी राहायला नेलं, आणि ती महिनाभर राहिली. इकडे दादा कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत पोचले. तिथल्या बऱ्याच कॅसेटी बुरशीने गेल्या होत्या. त्या त्यांनी टाकून दिल्या.