तंबोऱ्याची टेस्ट ड्राइव्ह

आमच्या घरात गाडी घ्यायचे ठरले ते आत्यामुळे. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरीच्या घरात सगळे तिला आत्याबाई म्हणतात. अप्पा एकटे अक्का म्हणतात. दर एकादशीला ती इन्नंबूरच्या भजनाला जाते आणि जाताना स्वतःचा तंबोरा नेते. फणसाच्या लाकडात कोरलेला, चार तारांचा, उभा केला तर तिच्या खांद्याला लागणारा. इतकी वर्षे तो रिक्षातून गेला. गेल्या माघात तिरुवलंचुळीच्या पुढे रिक्षाने एक खड्डा घेतला आणि तंबोऱ्याची खुंटी मोडली. त्याच खड्ड्यात आत्याच्या गुडघ्यानेही राजीनामा दिला. खुंटी नवी बसवता आली, गुडघा नाही.

भजन मंडळींनी माणूस पाठवून कळवले की यापुढे तंबोरा आणायचे कष्ट नकोत, त्यांनी विजेची श्रुतिपेटी घेतली आहे, बटण दाबले की सूर लागतो. आत्याने निरोप्याला कॉफी दिली.

"पेटीत सूर नसतो, वीज असते," ती म्हणाली. "तंबोरा आला तर मी येईन. नाही आला तर आम्ही दोघेही घरी."

मग तिने घरात जाहीर केले की चैत्री एकादशीपर्यंत सोय झाली नाही तर ती तंबोरा देवळाला देऊन टाकील आणि गाणे थांबवील. आत्याने आजवर जे जाहीर केले ते केले आहे. दुसऱ्या दिवशी अप्पा गाड्यांबद्दल बोलू लागले.

अप्पांचे पितळी दिव्यांचे दुकान आहे, आजोबांचेही होते. त्यामुळे धातूची कोणतीही वस्तू अप्पा एकाच रीतीने पारखतात: बोटाच्या पेराने टकटक करायची आणि कान लावायचा. समईला लावायचा तोच न्याय त्यांनी मोटारींना लावला. पहिल्या शोरूममध्ये त्यांनी दार, बॉनेट, छत असे वाजवत गाडीभोवती फेरी घातली. विक्रेता तरुण होता, टाय लावलेला. तो त्यांच्या मागून हिंडत राहिला आणि शेवटी त्याने स्वतःच एकदा वाजवून पाहिले.

"आत काही आहे का, सार?" त्याने तमिळमध्ये विचारले.

"काही नाही. तीच तर तक्रार आहे," अप्पा म्हणाले.

माझ्या थोरल्या भावाची पारख वेगळी होती. तो गाड्या आपटल्यावर काय होते ते बघत असे. रोज संध्याकाळी फोनवर कुठली ना कुठली गाडी भिंतीवर जाऊन धडकत असे, आतले बाहुले मान टाकत आणि भाऊ समाधानाने सुरक्षेचे तारे मोजी. जेवताना दोघांची जुंपायची. अप्पांच्या मते चांगली गाडी ती, जी गावातल्या प्रत्येक मेकॅनिकला उघडता येते आणि जिला जुनी झाल्यावरही मागणारा मिळतो. भावाच्या मते ही गाडीची नव्हे, भंगाराची व्याख्या होती.

"तुझी गाडी आपटल्यावर चांगली," अप्पा म्हणत. "मला न आपटता चांगली पाहिजे."

आत्या दोघांचे ऐकून घेई. मग एके दिवशी तिने कसोटी सांगितली. आमच्या घरची मराठी महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना फार जुनी वाटते, पण तिचे त्या दिवशीचे बोलणे कुणालाही समजले असते. गाडी घरी यावी. तंबोरा घरी सुरात लावून गाडीत ठेवावा. तिरुवलंचुळीपर्यंत जाऊन यावे. परत आल्यावर गाडीत बसूनच तार छेडावी. ज्या गाडीत सूर हलला नाही ती गाडी चांगली.

भाऊ म्हणाला, "आत्याबाई, अशी चाचणी जगात कोणी घेत नाही."

"जगाला इन्नंबूरला जायचें नाहीं," आत्या म्हणाली.

विचार केला तर कसोटी वाईट नव्हती. गाडीचे स्प्रिंग, टायर, जोडकाम, चालवणाऱ्याचा हात, सगळ्याचा हिशेब खुंटीपर्यंत पोचतो. हिसके बसले की खुंटी सैल होते. भावाने दोन दिवस कुरकुर केली आणि मग तोच सगळ्यांना समजावून सांगू लागला.

पहिली गाडी आली ती अप्पांच्या पसंतीची, दर दुसरी टॅक्सी असते ती. तंबोरा आत घालणे हाच एक कार्यक्रम झाला. तो उभा राहीना, आडवा मावेना. अखेर लाकडी भोपळा मागच्या आसनावर आत्याच्या मांडीशी आणि दांडी पुढे, अप्पांच्या डोक्याच्या उजवीकडून, अशी तडजोड निघाली. खुंट्या अप्पांच्या कानाशी आल्या. मी आत्याच्या पलीकडे तंबोऱ्याच्या टेकणाच्या उशा धरून बसायचे, असे काम वाटून मिळाले. भाऊ मोटरसायकलवरून मागे. टायवाल्या विक्रेत्याने बाहेरचा उकाडा पाहून एसी पूर्ण सोडला आणि आम्ही निघालो. प्रत्येक गतिरोधकावर आत्या एक तार छेडी, अप्पा मान किंचित कलती करत आणि विक्रेता आरशातून पाही. त्याने कंपनीने पाठ करून घेतलेले एकही वाक्य त्या प्रवासात उच्चारले नाही.

घराशी येऊन गाडी थांबली. आत्याने चारही तारा छेडल्या.

"हलला."

"पंचम वर सरकलाय," अप्पांनी कानाशीच ऐकून दुजोरा दिला. पहिली गाडी बाद झाली.

दुसरी गाडी भावाची, सगळे तारे मिळवलेली. दार लावले की तिजोरीचा आवाज. अप्पांनी वाजवून पाहिली आणि नाइलाजाने म्हणाले, "घट्ट आहे." आत्याला ती पाहताक्षणी आवडली. तिचे आसन आमच्या दिवाणखान्यातल्या झोपाळ्याएवढे उंच होते; ती नुसती मागे टेकली आणि बसली गेली. उतरताना तिला कोणाचा हात लागला नाही. गेल्या माघापासून हे आम्ही प्रथमच पाहत होतो. पण त्याआधी निकाल लागला होता. या विक्रेत्याला आपल्या एसीचा फार अभिमान होता. मागच्या आसनासाठी वेगळे झरोके आहेत असे सांगून त्याने ते आत्याकडे वळवले होते. माझ्या मांडीवरच्या उशा गार पडल्या होत्या. आत्याने तार छेडली आणि तोंड असे केले की विक्रेत्यानेच माफी मागितली.

"पहिल्यापेक्षा जास्त हलला," ती म्हणाली. "रूप बरें, गुण नाहीं."

भाऊ रात्री जेवला कमी.

तिसरी गाडी छतात काच असलेली. पुढे टीव्हीएवढा पडदा. अप्पांनी दार वाजवले आणि हात खिशात घातला. म्हणाले, बिस्किटाचा डबा बरा वाजतो. तिच्या विक्रेतीने काच दाखवण्याच्या हौसेने ती निघतानाच उघडली आणि पुरती तिरुवलंचुळी वारी मोकळ्या छताने करवली. ऊन डोक्यावर, धूळ आत, आत्याच्या केसांत वाऱ्याने आणलेले पान. गाडी खड्ड्यात अशी आपटत होती की अप्पांची खुंट्यांशी दोनदा टक्कर झाली. परत आल्यावर आत्याने तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या.

सूर जागचा हलला नव्हता.

विक्रेतीने विचारले, हे चांगले की वाईट. आत्याला गाडीतून काढायला मात्र अप्पा आणि मी, असे दोघे लागलो. आसन इतके खोल होते की ती विहिरीतून वर आल्यासारखी आली. "कसोटी म्हणजे कसोटी," ती गुडघा धरून म्हणाली. "हीच घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बुकिंग करायचे ठरले. भाऊ आपल्या फोनवर त्या गाडीची धडक पाहत बसला. त्यातला बाहुला पाहून त्याने फोन पालथा ठेवला.

त्या दुपारी आत्या दमली होती म्हणून भावाने तिला आपल्या खोलीत झोपायला सांगितले. घरातला एकमेव एसी तिथे आहे. ती तंबोऱ्याशिवाय झोपत नाही; तोही शेजारी निजला. थोड्या वेळाने आतून तारेचा आवाज आला, मग आत्याची हाक.

"अरे, इकडे ये. हिसक्यानें तार चढते, की उतरते?"

"उतरते, अक्का," अप्पा दारातून म्हणाले. "खुंटी सैल होते ना."

"त्या दोन गाड्यांत काय झालें होतें?"

अप्पांचा हात आपल्या उजव्या कानाकडे गेला. त्यांच्याच कानाने ऐकले होते: पंचम वर सरकला होता.

"आत्ता हा पलंगावर निजलाय. खड्डा नाहीं, गाडी नाहीं. आणि चढलाय," आत्या म्हणाली. "गारठ्यानें तार आखडते. त्यांत खालची तार पितळेची. पितळेवर पोट भरणारें आपलें घर, आणि एकालाही सुचलें नाहीं."

भाऊ भिंतीला टेकून हसायला लागला. मग अप्पा. आत्या सगळ्यांत शेवटी हसली, पण तिला थांबवायला पाणी द्यावे लागले. आम्ही गाड्या पारखत नव्हतो. आम्ही त्यांचे एसी पारखत होतो, आणि जिचा एसी उत्तम तिला नापास करत होतो.

अप्पांचा न्याय असा की चूक आपली, तर फेरतपासणी तिन्ही गाड्यांची झाली पाहिजे. तिन्ही शोरूमना फोन गेले. अट एकच होती आणि ती प्रत्येकाला दोनदा सांगावी लागली: काचा उघड्या, एसी बंद. टायवाला तरुण टाय न लावता आला. एसीचा अभिमान असलेला गृहस्थ वाटेत एकदाच, फार नम्रपणे म्हणाला, "अम्मा, थोडासा लावू का?"

"लावा," आत्या म्हणाली, "आणि गाडी परत न्या."

तिसऱ्या गाडीच्या विक्रेतीने आपल्या आईला सोबत आणले होते. आईला तंबोरा ऐकायचा होता.

तिन्ही गाड्यांतून तंबोरा जसा गेला तसा आला. तिरुवलंचुळीच्या वाटेवरचे सगळे खड्डे तिन्ही कंपन्यांनी सारखेच पेलले, निदान खुंट्यांच्या मते. कसोटीने कोणालाच निवडले नाही. अप्पा म्हणाले, आता पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागेल. भावाने फोन बाहेर काढला.

"ठेव तो," आत्या म्हणाली. "मी कोणत्या गाडींतून एकटी उतरलें?"

झोपाळ्याएवढ्या आसनाची गाडी आली. अप्पांनी तिला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली आणि कोणी बघत नाही असे पाहून बॉनेट एकदा वाजवले.

चैत्री एकादशीला आम्ही इन्नंबूरला गेलो तेव्हा काचा खाली होत्या. भाऊ चालवत होता. भाताची कापणी झालेल्या शेतांवरून गरम वारा येत होता. अप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता, खुंट्या कानाशी होत्या. देवळाशी गाडी थांबताच मंडळी पुढे आली. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने काचेतून आत पाहिले आणि विचारले, एवढी नवी गाडी, तिला एसी नाही का?

"गावात सर्वांत चांगला आहे," अप्पा घाम पुसत म्हणाले. "तपासून घेतला आहे."

आत्या स्वतः उतरली. श्रुतिपेटी मंडपात मांडून ठेवली होती. कोणीतरी तिच्यावर उपरणे टाकले. आत्याने तंबोरा मांडीवर घेतला, एकही खुंटी न पिळता तारा छेडल्या आणि गायला सुरुवात केली.

परतताना तिन्हीसांज झाली होती. स्वामिमलै मागे पडल्यावर ती म्हणाली, "आता लाव."

भावाने काचा वर घेतल्या. गार झोत आला. अप्पांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात त्यांच्या कानाशी तारा कुरकुरू लागल्या आणि ते म्हणाले, "अक्का, चढतोय."

"चढूं दे." तिने तारांत ओवलेले मणी सरकवून चारही तारा त्या वरच्या सुरात जुळवल्या, घसा खाकरला आणि मघाचाच अभंग तिथून उचलला. दुसऱ्या ओळीला अप्पांचा आवाज फाटला. भावाने गाणे धरले, तेही चुकीचे. तिरुवलंचुळीच्या खड्ड्यात गाडी गेली तेव्हा आम्ही सगळे इतके वर होतो की आत्यालाही पुढची ओळ घेता येईना. ती हसत होती आणि तार मात्र छेडत होती.