कुत्रं आडवं आलं नव्हतं

मी रस्त्यावर पडलो होतो तेव्हा ती बाई आधी तिचा उडीद गोळा करत होती. माझी मांडी जिथं वाकू नये तिथं वाकलेली, दहा पावलांवर माझी बहीण पालथी पडलेली, आणि ही बाई खराट्यानं शेंगा एका बाजूला ओढत होती. रक्त लागलं की माल जातो. थोड्या शेंगा माझ्या कोपराखाली होत्या. तिनं माझा हात उचलला, शेंगा काढून घेतल्या आणि हात परत होता तिथं ठेवला. मग ती ओरडली आणि माणसं आली.

पुढं वर्षभर मी हे आमच्या माणसांना सांगत राहिलो आणि दर वेळी म्हणालो की तिचं बरोबर होतं. गरिबाचं पीक आधी, आपली हाडं नंतर. चार माणसांत हे वाक्य चांगलं वाजायचं.

आमच्या घरात वाक्यं वाजायचीच. वडिलांचा हिंगोलीत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालतं आणि पत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी-पिवळ्या कागदावर वडील पत्रकं छापतात. पाण्याच्या टाकीसाठी, रेशनसाठी, बदली झालेल्या मास्तरासाठी. मी वाचायला शिकलो ते या पत्रकांवर. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘धबधबा’च्या आधी वाचता येत होता. घरात नियम एकच होता: छापलेलं मागं घ्यायचं नाही. शुद्धलेखनाची चूक असली तरी वडील म्हणायचे, राहू दे, चुकीसकट आपलं आहे.

अपघाताच्या आदल्या महिन्यात मी उडदावर पत्रक काढलं होतं. आमच्याकडं भादव्यात ज्याचा उडीद-मूग थोडका असतो तो मळणीयंत्र बोलवत नाही. वाळलेली झाडं शेंगांसकट डांबरी रस्त्यावर पसरतो. जाणारे-येणारे ट्रॅक्टर, टेम्पो, जिपा वरून जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी उफणून दाणे घरी. त्या वर्षी असं पसरणाऱ्यांवर गुन्हे दाखल करणार अशी दवंडी फिरली. मी पेटून लिहिलं. ज्यांना खळं करायला जागा ठेवली नाही त्यांचं खळं रस्ताच, असं लिहिलं. ते मला आजही बरोबर वाटतं. पण शेवटी मी आणखी एक ओळ टाकली: ‘वाहनधारकांनी गाडी कडेनं न नेता पिकावरून न्यावी, तेवढीच मळणी होईल.’

आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोर सांगेल की चार चाकं मधून जातात आणि दुचाकी कडेनं जाते. फुटलेला उडीद म्हणजे रस्त्यावर सांडलेले छर्रे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. लिहिताना दुचाकी डोक्यात आली नाही, कारण वाक्य जोरात होतं.

बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सेनगावला एका खाजगी शिकवणीत इंग्रजी शिकवायची. मला त्या बाजूच्या गावांत पत्रकं वाटायची होती म्हणून परत येताना ती माझ्या मागं बसली. पुसेगावच्या अलीकडं वळणावर उडीद पसरलेला दिसला. मागून ती म्हणाली, “दादा, हळू. कडेनं घे.” कडेला हातभर मोकळा रस्ता होता. मी गाडी मधून घातली आणि ती दाण्यांवरून घसरली. घरात हेल्मेट एकच होतं आणि ते माझ्या डोक्यावर होतं.

माझ्या मांडीत सळई बसली. तिचा जबडा दोन जागी मोडला आणि समोरचे चार दात गेले. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. डाळीचं पाणी नळीनं.

जमादार जबाब घ्यायला आला तेव्हा मी सांगितलं की कुत्रं आडवं आलं. उडदाचं नाव घेतलं असतं तर त्या बाईवर गुन्हा झाला असता. हे कारण खरं होतं आणि म्हणूनच ते कामाला आलं. बहीण शेजारच्या खाटेवर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. जमादारानं तिला विचारलं, बराबर आहे का ताई? तिला मान हलवायचीही मनाई होती. त्यानं लिहून घेतलं आणि गेला.

वडिलांना मी खरं सांगितलं, म्हणजे उडदापुरतं. त्यांचे डोळे भरून आले. घरी भेटायला येणाऱ्या आपल्या माणसांना ते आवाज खाली आणून सांगायचे की पोरानं मांडी मोडून घेतली पण गरीब बाईचं नाव सांगितलं नाही. लोक माझ्या पायाला हात लावून जायचे. बहीण आतल्या खोलीत नळीनं डाळीचं पाणी ओढत असायची. त्याचा आवाज बाहेर यायचा.

तारा काढल्या त्या दिवशी आई तिच्यासमोर मऊ भात घेऊन बसली होती. बहिणीनं जबडा थोडा हलवून पाहिला. सहा आठवड्यांनंतरचं तिचं पहिलं वाक्य माझ्यासाठी होतं.

“कुत्रं कुठं होतं?”

मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भात खाल्ला. त्या दिवसापासून तिनं मला दादा म्हणणं सोडलं. ‘ओ कार्यकर्ते’ म्हणायची. शिकवणीतून तिला काढलं, कारण कवळी लावूनही ‘एस’ म्हणताना शिट्टी वाजायची आणि वर्ग हसायचा. घरी येऊन तिनं ते स्वतःच करून दाखवलं. आई रडली, मी खाली पाहिलं. ती म्हणाली, हसा ना, पोरांना तर लई मजा येते.

वर्षानं माझा पाय चालायला लागला. थोडा लंगडत, पण चालायला. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती, आणि मला तिच्यावर बसायचं होतं. हौस म्हणून नाही. मी गावोगाव फिरून लोकांचे अर्ज लिहून देतो, सभा घेतो, पत्रकं वाटतो. गाडी नसली की मी कोणीच नाही. आखाडा बाळापूरला एका सभेला मी जीप बदलत बदलत पोचलो तेव्हा सभा उठली होती आणि सतरंजी झटकणारा माणूस म्हणाला, साहेब, क्रांती जीपनं येऊन राहिली का आता? लोक हसले. मीही हसलो आणि घरी येईपर्यंत त्याला मनातल्या मनात फाडत राहिलो.

आई म्हणाली, पुन्हा बसायचं नाव काढू नको. वडील म्हणाले, भिऊन घरात बसणारं लेकरू या घरात जन्मलं नाही. पण किल्ली बहिणीकडं होती. आईनं स्वतःची शपथ घालून ती तिच्याकडं दिली होती. मी मागितली. ती म्हणाली, देते. जसं उडदावर पत्रक काढलं तसं आपल्या अपघातावर काढ. काय झालं तेवढं लिही. वाटू नको पाहिजे तर, पण लिही आणि मला दे.

मी दोन दिवस घेऊन पानभर लिहिलं. ती खाटेवर बसून लाल पेन घेऊन वाचत होती, शिकवणीच्या वह्या तपासायची तशी.

“‘अपघात घडला.’ घडला? पाऊस पडला तसा?”

“मग काय लिहू?”

“कोणी केला ते लिही. आणि इथं ‘व्यवस्थेनं’ काहून आलं? गाडी व्यवस्था चालवत होती का?”

मी चिडलो. म्हणालो की तुला मोठं चित्र दिसत नाही. तिनं तोंडातली कवळी काढून तळहातावर ठेवली आणि हात माझ्यापुढं धरला. हे दिसतं मला, म्हणाली. बोबडं आलं ते, पण मला कळलं.

दुसऱ्यांदा लिहिलं. त्यात मी गाडी चालवत होतो, पण रस्ता निसरडा होता. तिनं फाडलं. तिसऱ्यांदा लिहायला बसलो तर ती म्हणाली, चल, जिच्यासाठी खोटं बोललास तिलाच विचारून येऊ. तिनं शेजारणीची स्कूटी मागून घेतली आणि मी तिच्या मागं बसलो. गल्लीतली दोन टाळकी ओरडली की नवरदेवाची वरात निघाली. तिनं गाडी थांबवून त्यांना विचारलं, तुमाले पण बसायचं का? एक जागा आहे पुढच्या चाकाखाली.

भादवाच होता. ती बाई तिथंच वळणावर होती, उडीद पसरून, डोक्यावर ओला टॉवेल. तिनं बहिणीला आधी ओळखलं. हनुवटी धरून, तोंड उजेडाकडं करून पाहिलं.

“बाई, रूप गेलं गं तुझं. लग्न जमलं का?”

बहीण म्हणाली, नाही, दोन ठिकाणी पाहून गेले. बाई म्हणाली, आता बिजवर पाहा. मग माझ्याकडं वळली.

“आन हे ते व्हयेत का? त्या दिशी पिऊन व्हते.”

मी म्हणालो की मी पीत नाही. मी पत्रकाची आठवण करून दिली. तिच्याच घरी मी स्वतः दोन प्रती दिल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. काय व्हतं त्यात, असं तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत बहिणीनं ती ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली: वाहनधारकांनी गाडी कडेनं न नेता पिकावरून न्यावी. बाईला हसू आवरेना. ती खराट्याला टेकून हसली.

“कोन्या येड्यानं लिवलं? फटफटीवाला मधून जाते का कुठं? एवढे शिकलेले तुमी, आन मी कडेला हात करून राहिले तं तुमाले दिसलं न्हाई?”

तिनं हात केला होता. मला तो दिसला होता. हे मी वर्षभरात कोणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या पानातही नव्हतं.

मी तिला सांगितलं की तुमच्यावर गुन्हा होऊ नये म्हणून मी कुत्र्याचं नाव घेतलं. तिचं हसणं थांबलं. ती म्हणाली, माझ्यासाठी? मी कवा म्हणलं होतं? माझा पायलीभर उडीद फेकावा लागला तुमच्या रक्तानं. मग मागून टेम्पो आला म्हणून तिनं आम्हाला हातानंच बाजूला सारलं.

त्या रात्री मी चार ओळी लिहिल्या. मी गाडी चालवत होतो. बाईनं कडेनं जा म्हणून हात केला, मला दिसला. बहिणीनं हळू म्हटलं, मला ऐकू आलं. कुत्रं नव्हतं. वडिलांनी कागद पाहिला आणि म्हणाले, घरात ठेव, छापू नको, आपल्याच माणसांचा विश्वास जातो. बहिणीनं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली तर ती ओढणी बांधून मागं येऊन बसली. हेल्मेट तिनं घातलं. मी म्हणालो, पहिल्यांदा मला एकट्याला जाऊ दे. ती म्हणाली, एकटा तर कोणीही चालवते.

कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला लागलो. पाच मिनिटांत अंग सगळं आठवायला लागलं. मांडीतली सळई दुखत होती, पण वारा तोंडावर होता आणि मी कोणाची वाट पाहत उभा नव्हतो. वर्षभरात पहिल्यांदा मी पुरता माणूस होतो. पुढं एक ट्रॅक्टर चालला होता, समोरून लांबून एक ट्रक येताना दिसत होता.

मागून ती म्हणाली, “हळू.”

माझं मनगट वळलं. वेग कमी करायला नाही, वाढवायला. गाडी ट्रॅक्टरच्या बाजूनं पुढं उसळली. मी विचार केला नव्हता. तो शब्द कानात गेला आणि हातानं उत्तर दिलं, जसं लहानपणापासून आमच्या घरात कोणी जरा दमानं घ्या म्हणालं की वडिलांचा आवाज चढायचा. तिची बोटं माझ्या कमरेत रुतली. मी ब्रेक दाबला, ट्रॅक्टरच्या मागं आलो, कडेला घेतली आणि उभा राहिलो. ट्रक धूळ उडवत गेला.

ती उतरली. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले. पाय दुखला का, असं तिनं विचारलं. खरंच विचारलं, वर्षात पहिल्यांदा बरी बोलली. मी नुसतं हो म्हणालो असतो तरी भागलं असतं. पाय खरंच दुखत होता.

“न्हाई,” मी म्हणालो. “तू हळू म्हणलीस म्हणून वाढवली.”

तिनं हेल्मेटची काच वर केली.

“त्या दिवशी पण?”

“व्हय. मधून घालणारच होतो. पण हळू म्हणलीस म्हणून वाढवली.”

तिनं शिवी दिली नाही. ती बोलेल, माझ्या तोंडात मारेल, म्हणून मी उभा होतो, आणि मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. तिला ते कळलं असावं. मी किल्ली तिच्याकडं केली आणि सांगितलं की मी परत चालवणार नाही. ती म्हणाली, हे तू मला भेट देऊन राहिलास का? मी म्हणालो, नाही. तिनं किल्ली घेतली.

मग ती गाडीवर बसली. तिनं मोटारसायकल फार चालवलेली नव्हती. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चालू झाली. मी मागं बसायला पाय उचलला तर ती म्हणाली, “तू जीपनं ये.”

ती गेली. ट्रॅक्टरच्या मागं मागं, अंतर ठेवून, बराच वेळ दिसत होती. मी पुढच्या ढाब्यापर्यंत चालत गेलो. पहिली जीप भरलेली होती, थांबली नाही. दुसरीच्या मागच्या फळीवर जागा मिळाली, दोन बोकडांच्या मध्ये.