उजवीकडे कोण बसणार?

विक्रेत्याची आजवर जी काही व्याख्या झाली असेल, तिच्यात माझे थोरले साडू बसत नाहीत. आणि त्यांची मोटार तर मुलुंडमधल्या कुठल्याच जागेत बसत नाही. साठच्या दशकातली ही अमेरिकन गाडी, पिस्त्याच्या रंगाची, इतकी लांब की तिचे तोंड सोसायटीच्या फाटकाबाहेर पडले तरी शेपूट जिन्यापाशीच रेंगाळते. पुढची बैठक म्हणजे चक्क दिवाणखान्यातला सोफा. साडू दात घासण्यापूर्वी गाडी पुसतात आणि तिच्या चकचकीत बंपरमध्ये पाहूनच भांग पाडतात. त्यामुळे त्यांचा भांग नेहमी किंचित वक्र असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणजे पुढे ट्रक असला की डावीकडच्या चालकाला समोरून काय येते आहे ते दिसत नाही. ते पाहण्याचे काम उजवीकडे बसणाऱ्याचे, आणि गेली कित्येक वर्षे ते ताईंकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे आहे. त्या मान बाहेर काढून "थांबा!" म्हणाल्या की साडू थांबतात, "घ्या!" म्हणाल्या की पुढे घेतात. भाजी, नातेवाईक, पंख्याचा वेग यांपैकी कशावरही ज्यांचे एकमत झालेले मी पाहिले नाही, त्या दोघांत रस्त्यावर मात्र कधी वाद झाला नाही. एकदा घाटात ताई रुसून गप्प बसल्या, तर साडू रुसवा निघेपर्यंत एका रोडरोलरच्या मागून मुकाट चालत राहिले.

यंदा सोसायटी पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीत गाड्या लोखंडी पाळण्यात बसवून वर चढवणार, आणि त्या पाळण्यात ही गाडी मावणार नाही. महिनाअखेर जागा रिकामी करायची होती. तोवर गिऱ्हाईक मिळाले नाही, तर गाडी भंगारात जाणार. साडूंनी ती विकायला काढली खरी, पण गिऱ्हाइकाने इंजिनाविषयी विचारण्याआधी यांचाच प्रश्न तयार असे: "उजवीकडे कोण बसणार?"

वांद्र्याचे एक गृहस्थ म्हणाले, "लग्नांना भाड्याने देईन."

"म्हणजे रोज नवी नवरी? ती लाजून खाली बघणार की ट्रक बघणार?" गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले.

मालाडचा एक तरुण म्हणाला, "काका, उजवीकडे कॅमेरा लावू ना! झकास दिसेल सगळं."

"दिसेल रे. पण तो 'थांबा' म्हणेल का?"

ताई हताश झाल्या. "अहो, अशानं ती भंगारवालाच नेईल."

"नेईल कसा? त्याच्याही उजवीकडे कोणी नाही."

महिना सरत आला तेव्हा चेंबूरहून एक स्थूल गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. कोणी सांगण्यापूर्वीच म्हातारी उजवीकडे जाऊन बसली. आम्ही तिघे मागे बसलो आणि चक्कर मारायला निघालो. पुढे टेम्पो आला.

"आये, घेऊ?"

"थांब रे मेल्या! समोरसून बस येता!"

त्याच क्षणी मागे बसलेल्या ताईंच्या तोंडूनही "थांबा" निघाले होते. बस गेली. "घे आता, घे!" म्हातारी गरजली. साडूंनी पुढे वाकून गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी तुमची. भावाचं नंतर बघू."

परवा आम्ही तिघे रिक्षाने स्टेशनकडे निघालो होतो. पुढे डंपर आला, तशा ताई उजवीकडच्या दांडीवरून बाहेर डोकावल्या आणि ओरडल्या, "थांबा!"

"काकू, मला दिसतंय ना," रिक्षावाला हसला आणि सफाईने पुढे गेला. ताई ओशाळून आत सरकल्या. मी सहज खाली पाहिले. साडूंचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता. डंपर केव्हाच मागे पडला, तरी तो तसाच होता. मग ताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घ्या." तेव्हा कुठे त्यांनी तो उचलला.