बाळीला तेल लावलं त्याची गोष्ट

भिंगारहून निघून पाऊण तास झाला होता आणि आम्ही अजून नगरच्या किल्ल्याच्या खंदकापाशीच होतो. बनुबाई दर पन्नास पावलांवर थांबायच्या, कडेवरचं दुपटं जरासं उघडून आत बघायच्या आणि परत झाकायच्या. एका दूधवाल्याने मोटारसायकल हळू केली.

"मावशी, नातू का?"

"न्हाई, मांजर हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. बाळाच्या कुंचीतून दोन हिरवे डोळे त्याच्यावर रोखलेले होते. बिचारा कॅनसकट पसार झाला.

"दवाखान्यापर्यंत रिक्षा करू या हो," मी तिसऱ्यांदा म्हणाले.

"रिक्षात वारं लागतं. कापरं भरलंय तिला, दिसंना का तुला? दोन दिस झालं, दुधाला तोंड लावलं न्हाई." मी रिक्षाचा नाद सोडला.

बनुबाई म्हणजे आमच्या भिंगारच्या मालिशवाल्या. चाळीस वर्षं बाळं-बाळंतिणी चोळल्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच लांब केलेल्या पायांवर आंघोळी करून वाढली. "माझ्या हाताखालचं लेकरू हिवाळ्यात कधी शिंकलं न्हाई," असं त्या सांगतात. माझा नॅथन चांगला दहा-बारा दिवस शिंकत होता, पण तेव्हा ते बोलून दाखवायची माझी छाती नव्हती. आजही नाही.

हल्ली त्यांना फारसं कुणी बोलवत नाही. दवाखान्यातच मुलींना सांगतात, चोळणं नको. गेल्या पावसाळ्यात लष्करातल्या एका साहेबांचं बाळ त्यांनी चोळलं, तेच शेवटचं. साहेबांची बदली झाली, बाळ त्यांच्याबरोबर गेलं, आणि त्या घरचं मांजर बनुबाईंकडे राहिलं. पांढरंशुभ्र, वीतभर केसांचं. त्याचं इंग्रजी नाव त्यांनी पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि बाळी म्हणायला लागल्या.

डिसेंबर लागला. नगरची थंडी कोरडी, ओठ फोडणारी. बंगल्यातलं नाजूक मांजर, त्याला कसं सोसणार? बनुबाईंनी त्यांना येत होतं ते सगळं केलं. सकाळी कोमट तिळाचं तेल, मग शेगडीचा शेक, ओव्याची धुरी आणि वर कुंची. मांजर साहेबाच्या घरचं, शिस्तीचं. निमूट चोळून घ्यायचं. आठवड्यात ते पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं दिसायला लागलं आणि कुडकुडायला लागलं. कुडकुडायला लागलं म्हणून बनुबाईंनी तेल वाढवलं. तेल वाढलं तसं कापरंही वाढलं.

जनावरांच्या दवाखान्यात दोन शेळ्या आणि एक रेडकू आमच्या आधी होतं. बाकावर बसून मी मनात प्रार्थना केली. मांजरासाठी देवाकडे काय मागायचं ते समजेना, पण तो चिमण्यांचीही खबर ठेवतो असं बायबलात आहे, म्हणून संकोच सोडला.

अश्विनी डॉक्टरांनी बाळीच्या पाठीवर हात फिरवला आणि मग स्वतःचा तळवा बघितला.

"हिला काय लावलंय?"

"तिळाचं. घाण्यावरचं. कोमट करून," बनुबाई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले. हसू आवरत होत्या, मला दिसलं. मग म्हणाल्या, "आजी, हिचे केस म्हणजे हिची गोधडी. आत मऊ लव, वर लांब केस, आणि मध्ये धरून ठेवलेली हवा. त्या हवेत ऊब असते. तुम्ही सगळं तेलानं चिकटवून टाकलंत. ओली गोधडी पांघरल्यासारखं झालंय तिला. शिवाय तेल चाटून पोट बिघडलंय. अशी मांजरं आपल्याकडच्या थंडीत आरामात राहतात. केस कोरडे आणि मोकळे हवेत, रात्री आडोसा हवा, बस्स."

बनुबाई दोन्ही हात पदरात घेऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजी माझ्याच हातानं झालं?"

"हो आजी," डॉक्टर औषध लिहिता लिहिता म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बनुबाई एकदाही थांबल्या नाहीत.

घरी येऊन सांगितल्याप्रमाणे मक्याचं पीठ चोळलं, ते तेल ओढून घेतं. विंचरलं. दुसऱ्या दिवशी मांजराच्या साबणाने कोमट पाण्यात धुवून टॉवेलने पार कोरडं केलं. मला तीन ओरखडे मिळाले, बनुबाईंना एकही नाही. चौथ्या दिवशी बाळीने वाटीभर दूध संपवलं. आठवड्याने मी गेले तर ती फुलून दुप्पट झालेली, भल्या सकाळी गार वाऱ्यात हौदाच्या झाकणावर महाराणीसारखी बसलेली. खाली बनुबाई शाल, स्वेटर आणि कानाला फडकं बांधून कुडकुडत होत्या.

"तुम्हालाच लावा की थोडं तेल," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "वाचली गं. पर तीनदा बाटली उचलून परत ठिवली मी. आज तर कोमटसुदीक करून झालं हुतं, मग आठवलं." त्या आपले तळवे एकमेकांवर घासत होत्या. "चाळीस वर्सांची सवय हाय, ह्या हातांचा मला भरवसा न्हाई. ग्रेसताई, थंडी सरंस्तवर रोज सकाळी येत जा. तुझं पाय दे मला चोळाया."