गिअरबॉक्सचं तेल आणि दोन विटा

आमचे हे तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यामुळे दुसऱ्याने चालवलेली गाडी त्यांना पसंत पडत नाही, मी चालवलेली तर नाहीच. कुठल्याही गाडीत बसले की यांचे कान इंजिनाकडे. प्रवासात झोपलेलं मी यांना कधी पाहिलं नाही.

माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक. क्लच दाबणं त्याला जमायचं नाही, म्हणून निम्मा जन्म मी कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून फिरले. बावन्नाव्या वर्षी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि शिकले. क्लचची भानगडच नाही, डावा पाय नुसता बसून राहतो. देवपुरातून पूल ओलांडून बाजारात जाते, मैत्रिणींना घरी सोडते. पण आठ महिन्यांत हे एकदाही माझ्या शेजारी बसले नव्हते. "तू हो पुढे, मी येतो मोटरसायकलवर," हे ठरलेलं. राग यायचा, आणि खरं सांगते, वाईटही वाटायचं.

त्यात गाडी गिअर बदलताना धक्के द्यायला लागली. रविवारी संध्याकाळी जळगावला माझ्या मोठ्या बहिणीकडे, अक्काकडे, भरीत-पुरीचा बेत होता. मी तिला फोनवर छातीठोकपणे सांगून बसले होते की या खेपेला गाडी मी चालवणार आणि यांना शेजारी बसवून आणणार. आता गाडीच रुसली. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, या गिअरबॉक्सचं तेल जन्मभर बदलायचं नसतं. यांनी विचारलं, "कोणाच्या जन्मभर?" आणि तेल घरीच बदलायचं ठरवलं.

रविवारी सकाळी हे जुना पायजमा घालून तयार. तेल कोमट व्हावं म्हणून मी गल्लीत गाडीच्या दोन-तीन फेऱ्या मारल्या, हे ओट्यावरून बघत राहिले. मग जॅकने गाडी उचलून टेकूला लोखंडी घोड्या दिल्या आणि हे गाडीखाली शिरले. तेल काढण्याआधी नवं भरायची वाट मोकळी आहे ना, ते त्यांनी दोनदा बघितलं. डेपोतली शिस्त. या तेलाचा रंग लाल असतो म्हणे. आमचं निघालं काळ्या चहासारखं. जेवढं निघेल तेवढंच भरायचं, म्हणून माझं दुधाचं माप मला न विचारता उचललं गेलं. ते माप मी परत स्वयंपाकघरात घेतलेलं नाही.

नवं तेल भरलं, गाडी खाली उतरवली. यांनी इंजिन बंदच ठेवून तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढली आणि म्हणाले, "जास्त झालंय, थोडं काढतो."

"थांबा," मी म्हटलं. "इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून मग बघायचं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"तीस वर्षं बंद इंजिनावर बघितलं मी."

"त्या बसगाड्या होत्या."

चष्मा पुसून त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि "हं" म्हणाले. आमच्या घरात याला माफी म्हणतात.

आता पंचाईत अशी, की एकाने आत बसून ब्रेक दाबून गिअर फिरवायचे आणि दुसऱ्याने बोनेटपाशी उभं राहून तेलावर नजर ठेवायची. डिपस्टिक माझ्या हाती द्यायला हे तयार नव्हते. म्हणजे आत मीच. बराच विचार करून हे परसात गेले आणि दोन विटा आणून पुढच्या चाकांना लावल्या.

"मला दिसतंय हं," मी म्हटलं.

"सवय आहे," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी ब्रेक घट्ट दाबला आणि एकेक गिअर टाकत गेले. गाडी पुढे नेणाऱ्या गिअरमध्ये आली, जरा थरथरली, आणि हे ऐन बोनेटवर वाकलेले. माझा पाय सुटला असता तर त्या विटांनी काय केलं असतं? मेकॅनिक माणूस, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. तरी ते बाजूला सरकले नाहीत. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आते बठ्ठं बरोबर शे," हे म्हणाले, म्हणजे आता सगळं बरोबर आहे. खूश असले की यांना गावाकडची बोली सुचते.

मी संधी सोडली नाही. डेपोत असा रिवाज होता, हे मीच यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं: ज्याने गिअरबॉक्स खोलला त्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, नाही बसला तर त्याचाच स्वतःच्या कामावर भरवसा नाही. "पहिली फेरी जळगावची आहे," मी म्हटलं. "बसताय ना?"

हे चाकांपाशी गेले. वाकून दोन्ही विटा काढल्या, परसात नेऊन ठेवल्या, हात धुतले आणि दुपारी कपडे बदलून माझ्या शेजारी येऊन बसले.

पारोळ्यापर्यंत दर गिअरला यांचा डावा पाय खालचं मॅट दाबत होता. "अहो, तिथे काही नाहीये," मी एकदा म्हटलं. गाडी मात्र लोण्यासारखी चालली होती. पारोळा मागे पडला आणि तो पाय थांबला. मला वाटलं, रुसले. एरंडोलच्या अलीकडे हळूच बघितलं, तर मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं, गाढ झोपलेले.

अक्काच्या दारात पोचेपर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.